एक नंबरची जागा आणि डावा कान

माणसं ओळखण्याचा माझा दावा नाही. तसा असता तर मी माझ्या नवऱ्याला, कर्टिसला, घरातल्या घड्याळांना हात लावू दिला नसता. पण दमलेलं माणूस मी शंभर फुटांवरून ओळखते, भुकेलेलं दीडशेवरून, आणि कान दुखणारं मूल तर भिंतीपलीकडूनसुद्धा. घरात एक तीन वर्षांची आणि एक पाच महिन्यांची अशा दोन मुली असल्या की ही विद्या आपोआप येते, तिच्यासाठी कॉलेजात जावं लागत नाही. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकले. त्याचा उपयोग अजून व्हायचा आहे.

हे सांगायचं कारण असं, की यंदा मार्चमध्ये मी आमच्या सेंट वॉलबर्गा चर्चच्या बास्केटबॉल तक्त्यात उतरले. बास्केटबॉलसाठी नव्हे. पार्किंगसाठी.

आमच्या चर्चच्या तळघरात बालवाडी भरते आणि तिच्या दारासमोर छपराखाली गाडीची एकच जागा आहे, एक नंबर. तिथून दार चार पावलांवर. बाकीच्या सगळ्या जागा उतारावर, आणि इंडियानातल्या जानेवारीत तो उतार म्हणजे तेल लावलेला आरसा. याच जानेवारीत मी त्या आरशावरून खाली आले. एका हातात धाकटी इडा, तिच्या गाडीतल्या खुर्चीसकट. दुसऱ्या हाताला थोरली जोसी. जोसीचा हात मी वेळेवर सोडला, त्यामुळे ती वरच उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी बसल्या बसल्या तीन गाड्यांच्या अंतरापर्यंत घसरत गेले, इडाला खुर्चीसकट डोक्यावर धरून, एखादी ढाल जिंकल्यासारखी. इडा जागीही झाली नाही. मुलांना सोडायला आलेल्या अकरा गाड्या रांगेत उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं हॉर्न वाजवला. मदत म्हणून असेल.

पाठ आठवड्यात बरी झाली. पण त्यानंतर रोज सकाळी त्या उतारावर पाय ठेवताना मला इडाची खुर्ची हातातून सुटलेली दिसायची. सुटली नव्हती, तरी दिसायची. म्हणून मला एक नंबरची जागा हवी होती.

ही जागा विकत मिळत नाही. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत पैशाच्या पैजा नकोत म्हणून फादर बेन्नोंनी फार वर्षांपूर्वी एक प्रथा पाडली. कॉलेजांच्या स्पर्धेत शेवटचे सोळा संघ उरले, की प्रत्येक कुटुंबानं एक पिवळा तक्ता भरायचा. सोळातले आठ कोण, आठातले चार कोण, मग दोन, मग एक. ज्याचा तक्ता सगळ्यात खरा ठरेल, त्याला वर्षभर एक नंबर. ती जागा सलग नऊ वर्षं कोचकडे होती.

कोच म्हणजे ऑर्व्हिल क्लूम्पर, वय शहात्तर. त्यांनी आमच्या शाळेच्या मुलींना एकदा राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण आमच्याकडे कोच या हुद्द्यावरून कुणी निवृत्त होत नाही. त्यांची बायकोसुद्धा शेवटपर्यंत त्यांना कोचच म्हणायची. आठवड्यातून दोनदा ते नातीला बालवाडीत सोडायला येत आणि एक नंबरवर गाडी लावून सगळ्यांना सावकाश हात करत.

ते आमच्या समोरच राहतात. आमच्या दोन घरांमधला रस्ता म्हणजे जिल्ह्याची हद्द, आणि जिल्ह्याची हद्द म्हणजे वेळेची हद्द. त्यांच्याकडे सात वाजतात तेव्हा आमच्याकडे सहा. त्यांच्या बाजूला पुढची वेळ, आमच्या बाजूला मागची. चर्च, बालवाडी आणि कर्टिसचा कपाटांचा कारखाना पुढच्या वेळेत. आमचं घर आणि दूधवाल्याचं दुकान मागच्या. यात अवघड काही नाही. स्वयंपाकघरात दोन घड्याळं शेजारी शेजारी लावायची, डावं घराचं, उजवं जगाचं. बाहेर जायचं असेल तर उजवीकडे बघायचं. मी लग्नापासून उजवीकडे बघत आले आहे.

आता माझी तयारी. इडा दिवसा झोपतच नव्हती. अंगाई नाही, गाडीतून चक्कर नाही, पंख्याचा आवाज नाही. मग एका गुरुवारी दुपारी कर्टिसनं जाता जाता टीव्ही लावला, त्यावर स्पर्धेची पहिली फेरी चालू होती, आणि हजारो लोक एकदम ओरडल्याबरोबर इडानं डोळे मिटले. टीव्ही बंद केला की जागी. लावला की झोप. अशा रीतीनं चार दिवस, दुपारी बारापासून, इडाला छातीवर घेऊन मी सामने बघितले. इतके, की समालोचकांच्या टाय मला पाठ झाल्या.

माझ्याकडे इडाची वही असते. डाव्या पानावर तिचं दूध, झोप, लंगोट. उजवं पान रिकामं होतं, आणि रिकामं पान मला बघवत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यावर नोंदी येऊ लागल्या. 'केलर टेक, चार नंबर: पाणी पीत नाही, पण चिडतही नाही.' 'पोर्टेजची मुलं: बाकावर केळी खातात, एकमेकांना अर्धं देतात. झोप झालेली दिसते.' आणि तीनदा खूण करून: 'हॅरोड स्टेट, ब्रॅनिगन: डावा कान.'

हॅरोड स्टेट म्हणजे आमच्या सगळ्यांचं दैवत. आणि ब्रॅनिगन म्हणजे त्यांचा सात फुटी मध्यवर्ती खेळाडू. खेळ थांबला की तो डावा कान ओढायचा, मान डावीकडे कलती ठेवायचा, आणि फ्री थ्रोचा, म्हणजे रेषेवरून मारायचा मोकळा, नेम धरताना एक पाय किंचित हलायचा. फेब्रुवारीत जोसीचं हेच झालं होतं. आधी कान ओढणं, मग मान कलती, मग पायऱ्यांवर तोल जाणं, मग रात्रभर रडणं. ब्रॅनिगन फक्त रडत नव्हता.

"कर्टिस," मी म्हटलं, "याचा कान दुखतोय."

"अगं, तो सव्वीस गुण काढतोय."

"ओढतोय बघ."

"टेस, तो सात फुटांचा माणूस आहे. त्याला त्याची आई असेल."

"आई घरी आहे. टीव्हीवर बघून तीही हेच म्हणत असणार."

सोमवारी तक्ते मिळाले. सल्ले त्याआधीच मिळाले होते. कर्टिसचं म्हणणं, हॅरोडविरुद्ध तक्ता भरलेल्या घरात तो राहू शकेल, पण मोकळेपणानं श्वास घेऊ शकणार नाही. माझ्या नणंदेचं म्हणणं, बाळ असताना बाईनं चुरशीच्या गोष्टींत पडू नये, दूध आटतं. कोच रस्ता ओलांडून खास आले आणि आमच्या फाटकाला टेकले.

"ऐकलं, तू भरतेयस."

"हो कोच."

"छान. पोरी, एक लक्षात ठेव. मार्चमध्ये चेंडू हातात ठेवणारे जिंकतात, टाळ्या घेणारे नाही. मी केलर टेक लिहिलंय. तू काय लिहितेयस?"

"अजून ठरतंय. पण हॅरोड शुक्रवारी हरेल."

कोच हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं. ते "बरं, बरं," म्हणाले, आणि जाताना इडाच्या टोपीला हात लावून तिला म्हणाले, "आईला झोपू देत जा गं."

पहिल्या तक्त्यावर मंगळवारी इडा दूध ओकली, नेमकं अंतिम सामन्याच्या चौकटीवर. मी चर्चच्या कचेरीत मिस वर्लांकडे दुसरा मागायला गेले. मिस वर्ला फेसल या अठ्ठावीस वर्षं चर्चच्या चिटणीस आहेत. फादर येतात आणि जातात, मिस वर्ला असतात.

"नियम दोन," त्या म्हणाल्या. "एका कुटुंबाला एक तक्ता."

"तो खराब झाला."

"मग खराब झालेला जमा कर. नाहीतर उद्या कुणीही येऊन दोन नेईल."

खराब झालेला घरी कचऱ्यात होता. मी परत गेले, शोधला, खाऊच्या पारदर्शक पिशवीत घातला आणि आणून टेबलावर ठेवला. मिस वर्लांनी पिशवी उजेडासमोर धरली. वास घेतला. मग मागे लिहिलं, 'दूध. ग्राह्य', आणि फाइलीत लावली. ती पिशवी आजही तिथे असेल.

नवा तक्ता मी बुधवारी रात्री भरला, खोडला, भरला. हॅरोड बाहेर. शेवटी केलर टेक आणि पोर्टेज. विजेता पोर्टेज. गुरुवारी सकाळी बालवाडीत जाताना पेटीत टाकायचा होता, पण पेटीपाशी उभी राहिल्यावर मला वाटलं, अजून एकदा विचार करावा. मी तो परत घरी आणला. शहाण्या माणसांना अशा वेळी कुणीतरी अडवायला हवं.

नियम चार: पेटी गुरुवारी सहा वाजता बंद. मी जोसीला खायला दिलं, इडाला बदललं, उजव्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वीस. चर्च वीस मिनिटांवर. मी आरामात निघाले. रस्त्यात एक गाणंही गुणगुणले असेन.

चर्चच्या हॉलमध्ये शिरले तेव्हा पेटीला कुलूप होतं, आणि मिस वर्ला किल्ली गळ्यातल्या क्रुसाच्याच साखळीत अडकवत होत्या.

"सहा चाळीस झाले, टेस."

"पाच चाळीस," मी म्हटलं, आणि तेवढ्यात भिंतीवरचं घड्याळ दिसलं.

कर्टिसला फोन केला. त्या दुपारी त्यानं उजव्या घड्याळाचा सेल बदलला होता. "आणि वेळ कशावरून लावलीस?"

"शेजारच्या घड्याळावरून. का?"

मी फोन ठेवला. त्या क्षणी बोलले असते तर उपवासाच्या दिवसांत बोलू नये असं काहीतरी बोलले असते. जोसी हाताला, इडा खांद्यावर, तक्ता ओल्या मुठीत, आणि समोर शुक्रवारच्या माशांच्या जेवणासाठी बटाटे सोलत बसलेली दहा माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या डोळ्यांसमोर पुढचा जानेवारी उभा राहिला, उतारासकट.

आणि मग समाजशास्त्र कामाला आलं. म्हणजे निदान नियम नीट वाचायची सवय तरी.

"मिस वर्ला, नियमात फक्त 'सहा वाजता' लिहिलंय. कुणाचे सहा?"

"चर्चचे."

"तसं लिहिलेलं नाही. निम्मं चर्च मागच्या वेळेत राहतं."

"टेस, बाई, घड्याळ हे घड्याळ असतं."

"मग सॉसेजचं काय?"

बटाटे सोलणारे हात थांबले. सॉसेज प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. आमच्या बाजूचे काही पुरुष उपवासाच्या शुक्रवारी रात्री अकरा वाजता रस्ता ओलांडून समोरच्या अंगणात जायचे, कारण तिथे बारा वाजून शनिवार लागलेला असायचा, आणि शनिवारी मांस चालतं. शेगडी कोचची होती. तेव्हा फादर बेन्नोंनी प्रवचनातच निकाल दिला होता, की ज्याचं घर ज्या वेळेत, त्याचा शुक्रवार त्याच वेळेत.

"जर माझा शुक्रवार माझ्या घराच्या वेळेनं," मी म्हटलं, "तर माझा गुरुवारही माझ्या घराच्या वेळेनं. माझ्या घरी आत्ता पाच चाळीस झालेत."

फादर बेन्नो मासे मोजत होते. ते आले, एप्रनला हात पुसले, छताकडे पाहिलं. "तसं मी म्हणालो होतो खरं," ते खिन्नपणे म्हणाले.

"फादर, हे वेगळं आहे," मिस वर्ला म्हणाल्या. "ते सॉसेज होतं."

तेव्हा बटाट्यांमधून कोच उठले. त्यांनी माझ्या हातातला तक्ता घेतला, चष्मा कपाळावर चढवून वाचला, आणि माझ्याकडे बघितलं, रुग्णाकडे बघावं तसं. "घेऊन टाक गं वर्ला," ते म्हणाले. "हिनं हॅरोडला बाहेर काढलंय. हिला कशाला अडवायचं?"

सगळे हसले. पेटी उघडली. तक्ता आत गेला. मी जिंकले होते आणि इतका अपमान जानेवारीतही झाला नव्हता. तेव्हा निदान मी एकटीच घसरत होते.

शुक्रवारी पुढच्या वेळेनं सात वाजता हॉलमध्ये तीनशे माणसं, तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर, आणि भिंतीवर हॅरोडचा सामना. मी रांगेत होते, एका हातात ताट, छातीवर झोपलेली इडा. पूर्वार्धात हॅरोड अकरा गुणांनी पुढे. येणारा जाणारा थांबून विचारत होता, "कान कसा आहे, टेस?" कर्टिससुद्धा. त्याचं नाव मी लक्षात ठेवलं.

उत्तरार्धात ब्रॅनिगननं कान ओढला. एकदा, दोनदा. मान कलली. अकराचे सात झाले, सातचे तीन. शेवटची चार सेकंदं, हॅरोड एकानं मागे, आणि ब्रॅनिगनला दोन फ्री थ्रो. हॉलमध्ये कढईतल्या तेलाचा तेवढा आवाज. तो रेषेवर उभा राहिला आणि चेंडू हातात घेण्याआधी त्यानं कानाला हात लावला.

"अरे बाळा," माझ्या तोंडून निघालं.

पहिला कडीवर आपटला. दुसरा कडीलाही लागला नाही.

तीनशे माणसं टीव्हीकडे न बघता माझ्याकडे वळली. जणू ते इन्फेक्शन मी घरून डब्यात आणलं होतं. मासे वाढणाऱ्या बाईंनी माझ्या ताटात न मागता दोन तुकडे जास्त घातले आणि हात पटकन मागे घेतला.

शनिवारी सकाळी बातमी आली. कानाचं इन्फेक्शन, आठवडाभराचं, त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत आमच्या दारात चार गाड्या. दोघींना पोरांचे कान दाखवायचे होते, एकीला पोराची मान, आणि कर्टिसच्या कारखान्यातल्या मुकादमाला रविवारचा सामना विचारायचा होता. मी कान बघितले. एक खरंच लाल होता. तिला डॉक्टरकडे पाठवलं. मुकादमाला सांगितलं, की अमुक संघ दमलाय, हरेल. तो संघ वीस गुणांनी जिंकला. काहींचा चेहराच तसा असतो. माझ्या नणंदेचाही आहे. मला कळायला हवं होतं.

पण बाकीचं जमत गेलं. हॅरोड लिहिलेले तक्ते एकजात आडवे झाले होते. मिस वर्ला फळ्यावर पट्टीनं रेघा मारून गुण लिहीत. शेवटच्या सोमवारी फळ्यावर दोनच नावं उरली, समसमान: कोच आणि मी. अंतिम सामना, केलर टेक विरुद्ध पोर्टेज.

संध्याकाळी दार वाजलं. कोच, हातात ॲपल पायची थाळी.

"माझ्याकडे सामना माझ्या झोपेच्या वेळेपलीकडे जातो," ते म्हणाले. "तुझ्याकडे तासभर लवकर संपेल."

मी त्यांना चांगली खुर्ची दिली. इडानं त्यांच्याकडे हात केले, त्यांनी घेतलं, आणि पहिल्या जल्लोषाला ती त्यांच्या मांडीवर झोपली.

सामना सुरू व्हायच्या आत माझं धाबं दणाणलं. पोर्टेजचा कर्णधार जांभई देत होता. मग दुसरी. मग त्याच्या शेजारचा. "संपलं," मी म्हटलं. "झोपले नाहीत हे. मी चुकले."

कोचनी मान हलवली. "माझ्या मुली मोठ्या सामन्याआधी अशाच जांभया द्यायच्या. ती भीती असते, पोरी, थकवा नव्हे. पहिला घाम आला की जाते." मग लगेच, "हे मी तुला सांगायला नको होतं."

जांभया गेल्या. पोर्टेज आणि केलर टेक शेवटपर्यंत एकमेकांना सोडेनात. दोन मिनिटं असताना केलरचा चार नंबर, तो पाणी न पिणारा, पोटरी धरून खाली बसला. पेटका. मी वही उघडून नोंद कोचसमोर धरली. त्यांनी वाचली, तारीख बघितली, आणि वही परत देताना पहिल्यांदाच माझ्याकडे समोरच्या संघाच्या कोचकडे बघावं तसं बघितलं.

पोर्टेज तीन गुणांनी जिंकलं.

आणि मला ओरडता येईना, कारण इडा झोपली होती. मी घरभर तोंड उघडून, दोन्ही हात वर करून, आवाज न करता धावले. कर्टिस माझ्यामागे, तोंडात उशीचं टोक. कोचना हरल्यावर उठून जायचं असावं, पण मांडीवर इडा; ते तसेच बसून राहिले, ताठ, आणि तिथूनच त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी तो दोन्ही हातांनी धरला. टीव्ही बंद करायची कुणाचीच हिंमत नव्हती.

जाताना ते दारात म्हणाले, "हिवाळ्यात त्या जागेवर मीठ टाकावं लागतं. सकाळी साडेसहाला. पुढच्या वेळेनं."

"मीठ चर्च टाकतं ना?"

"नऊ वर्षं मी टाकतोय. माझ्या जागेपुरतं." त्यांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "त्या दिवशी हॉर्न मी वाजवला होता. खाली उतरायला हवं होतं."

"पुढच्या वर्षी सगळ्या उतारावर टाकू," मी म्हटलं. "तुम्ही वरून, मी खालून."

"पिशव्या तू आणायच्या," कोच म्हणाले. जिंकलेल्याला सूट द्यायची त्यांना सवय नाही.

मंगळवारी सकाळी मी उठले आणि आधी उजवं घड्याळ तासभर पुढे केलं. अकरा दिवस ते भिंतीकडे तोंड करून टांगलेलं होतं. मुलींना तयार केलं, निघाले, उतारावरून वळले आणि एक नंबरमध्ये गाडी घातली. चार पावलांवर दार. एप्रिलचं ऊन, कुठे बर्फाचा कणही नाही.

आणि कुठे गाडीही नाही. तीस जागा, माझी सोडून सगळ्या रिकाम्या. बालवाडीला कुलूप. कर्टिसनं रात्रीच, पश्चात्ताप म्हणून, तेच घड्याळ तासभर पुढे केलं होतं.

मी परत गेले नाही. जोसीला सफरचंद दिलं, रेडिओवर कालच्या सामन्याची उजळणी लावून इडाला झोपवलं, आणि एक नंबरमध्ये बसून राहिले. हळूहळू गाड्या येऊ लागल्या. प्रत्येक गाडी वळणावर सावकाश होई. त्या अकराही आल्या. मी प्रत्येकीला सावकाश हात केला.

सगळ्यांत आधी मात्र मिस वर्ला आल्या होत्या, किल्ल्या घेऊन, सव्वासातला. त्यांनी काचेवर टकटक केलं होतं.

"टेस, उघडायला अजून पाऊण तास आहे. कुणाच्या घड्याळानं आलीस?"

"माझ्या," मी म्हटलं.